भाच्याला अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा डिफेन्सिव्ह लाइन कोच व्हायचंय, ह्या करिअरबद्दल कोणी नीट सांगेल का?

नाशिककर_मावशी

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचा मुलगा ओहायोत जन्मला, तिथेच वाढला, आता एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या टीममधे डिफेन्सिव्ह टॅकल खेळतो (म्हणजे तो हेल्मेटवाला फुटबॉल). सगळे धरून चाललो होतो की पुढे फिजिओथेरपी करेल. तर दिवाळीत फोनवर म्हणाला मावशी मला कोचिंगमधे जायचंय, आणि हेड कोच वगैरे डोक्यात नाही, डी-लाइन (म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन) कोचच व्हायचंय.

बहीण आणि मेहुणे तेव्हापासून काळजीत आहेत. त्याने आदर्श म्हणून लॅरी जॉन्सन ह्या माणसाचं नाव सांगितलं, मेहुण्यांनी नेटवर शोधलं तर म्हणे हा माणूस १९९६ पासून दोनच युनिव्हर्सिटीत, सत्तरी ओलांडली तरी अजून असिस्टंटच. मेहुण्यांचं म्हणणं की ज्या लाइनमधे सगळ्यात नावाजलेल्या माणसाला पण प्रमोशन मिळालं नाही तिथे आपल्या पोराने कशाला जायचं. मला खेळातलं काही कळत नाही पण पोरगा मनापासून बोलत होता एवढं कळलं. ह्या कामात नेमकं करतात काय, पैसे मिळतात का, आणि पुढे काय होतं? अमेरिकेतल्या कोणी हे जवळून बघितलं असेल तर प्लीज लिहा, मी बहिणीला वाचायला देणार आहे.

बकआय_पुणेकर

ताई, मी कोलंबसला ओहायो स्टेटमधे मास्टर्स केलं आणि इथेच राहिलो, त्यामुळे लॅरी जॉन्सनबद्दल मी जरा लांबच लिहीन, सांभाळून घ्या.

आधी मेहुण्यांच्या प्रमोशनच्या मुद्द्याचं. जॉन्सन मूळचे नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्यमस्टनचे, एलिझाबेथ सिटी स्टेटला खेळले, मग बरीच वर्षं मेरीलँड-व्हर्जिनिया भागात हायस्कूलला कोचिंग. १९९६ साली हेड कोच जो पटर्नोंनी त्यांना पेन स्टेटला घेतलं. तिथे २०१३ च्या सीझनपर्यंत, आणि २०१४ पासून ओहायो स्टेटला. मधल्या काळात त्यांनी शिकवलेल्यांची नावं बघा. कोर्टनी ब्राऊन २००० च्या एनएफएल ड्राफ्टमधे (व्यावसायिक लीगच्या टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) पहिल्याच नंबरवर गेला. २००३ मधे जिमी केनेडी आणि मायकेल हेन्स दोघेही पहिल्या राउंडमधे. २००६ ला टांबा हाली, जो लायबेरियातल्या यादवीतून लहानपणी सुटून अमेरिकेत आलेला मुलगा. ओहायो स्टेटला आल्यावर जोई बोसा (२०१६, तिसरा), त्याचा धाकटा भाऊ निक बोसा (२०१९, दुसरा), चेस यंग (२०२०, दुसरा). हे तिघेही एनएफएलमधे पहिल्या वर्षी डिफेन्सचे रुकी ऑफ द इयर ठरले. एकाच कोचच्या हाताखालचे तीन!

आता हे बघा की त्यांच्या डोक्यावरचे साहेब किती बदलले. २०११ च्या शेवटी पेन स्टेटमधे जे प्रकरण झालं त्यात पटर्नो गेले, सगळं उलटंपालटं झालं. नवीन हेड कोच बिल ओब्रायन आले, त्यांनी जुन्या स्टाफमधले फक्त दोघे ठेवले, त्यातले एक जॉन्सन. २०१९ ला ओहायो स्टेटमधे अर्बन मायर जाऊन रायन डे आले, डिफेन्सचे बाकी सगळे कोच बदलले, राहिले ते फक्त जॉन्सन. ज्या धंद्यात साहेब गेला की खालचे सगळे जातात तिथे नवा साहेब येऊन म्हणतो की हा माणूस मला हवाच. मेहुण्यांना सांगा, ह्याला प्रमोशन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणि एक संधी चालूनही आली होती. जानेवारी २०१४ मधे ओब्रायन ह्यूस्टन टेक्सन्सला गेले तेव्हा जॉन्सन पेन स्टेटचे काही दिवस हंगामी हेड कोच होते. कायमचं पद जेम्स फ्रँकलिनना मिळालं. गंमत म्हणजे ओब्रायननी ह्यूस्टनला जाताना ओहायो स्टेटचे डी-लाइन कोच माइक व्रेबलना सोबत नेलं, म्हणजे इकडे कोलंबसला खुर्ची रिकामी झाली, आणि त्याच महिन्यात जॉन्सन त्या खुर्चीवर आले. पहिल्याच सीझनला नॅशनल चॅम्पियनशिप, ओरेगॉनला ४२-२० ने हरवून. दुसरी चॅम्पियनशिप जानेवारी २०२५ मधे, नोत्र दामला ३४-२३.

पैशाचं: ओहायो स्टेटसारख्या ठिकाणी वरच्या असिस्टंटला वर्षाला दहा लाख डॉलरच्या पलीकडे मिळतात, आणि जॉन्सन त्यात आहेत. पण हे शिखरावरचं झालं, त्यावरून सगळ्या डोंगराचा अंदाज बांधू नका, खालचं कोणीतरी लिहीलच.

डेटन_आई

माझा मुलगा हायस्कूलला डिफेन्सिव्ह एंड खेळतो त्यामुळे मी चार सीझन कुंपणाला टेकून प्रॅक्टिस बघतेय, करतात काय हे मी सांगते.

डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे सगळ्यात पुढचे चार (काही टीम तीन लावतात) जे हात जमिनीला टेकवून वाकून उभे असतात. समोर ऑफेन्सचे पाच दांडगे, प्रत्येकी सव्वाशे-दीडशे किलोचे, त्यांना ओलांडून बॉलवाल्याला पाडायचं. टीव्हीवर नुसती ढकलाढकली वाटते पण आत प्रचंड बारकावे आहेत. समोरच्या पाचांत मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग टॅकल. प्रत्येकाने कुठे उभं राहायचं त्याला आकडे असतात, म्हणजे समोरच्या गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहिला तर थ्री टेक्निक, टॅकलच्या बाहेर असेल तर फाइव्ह, बरोबर सेंटरच्या नाकासमोर असेल तर झिरो. एक पाऊल इकडेतिकडे झालं की मागच्या लाइनबॅकरचं सगळं गणित चुकतं.

कोचची एक काठी असते, टोकाला बॉल लावलेला. पोरं रांगेत वाकलेली, कोच तो बॉल जमिनीलगत धरून बसतो आणि तोंडाने मोठमोठ्याने खोटे कॉल देत राहतो, हट, हट हट. आवाजाला कोणी हलायचं नाही. बॉल हलला की सुटायचं. पोरांचे डोळे त्या बॉलवरून हटत नाहीत, घाम पापणीवर येतो तरी पुसत नाहीत. आवाजाला जो फसला तो मॅचमधे ऑफसाइड जातो आणि पाच यार्डाचा दंड टीमला बसतो. मग पुढचा भाग हाताचा. कोच स्वतः समोर पॅड धरून उभा राहतो आणि पोराचा हात मनगटाला धरून दाखवतो, अंगठा वर, कोपर आत, तळवा छातीच्या मधोमध, खांद्यावर नको. हे एकच, परत परत, पूर्ण ऑगस्टभर. माझ्या मुलाचा कोच पगारी शिक्षक आहे, ह्याचे त्याला वेगळे पैसे जेमतेम मिळतात, पण एका पोराचं पाऊल दोन इंच लांब पडतंय हे त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.

ताई तुमचा भाचा टॅकल खेळतो म्हणजे हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं आहे. आता त्याला ते दुसऱ्याला सांगता येतं का हे बघा. माझ्या मुलाच्या टीममधे एक पोरगा खेळायला साधारणच आहे पण नवीन मुलांना इतकं छान समजावतो की कोच त्यालाच पुढे करतात.

लुईझियानावाला

जॉन्सन हे एक टोक झालं, दुसरं टोक मी सांगतो. एड ओर्जरॉन. मी बॅटन रूजला नोकरीला होतो तेव्हा तो एलएसयूचा (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) हेड कोच होता आणि त्याच्यावर ह्या गावाने जीव ओवाळून टाकला होता.

दक्षिण लुईझियानातल्या बायूकाठच्या लरोझ गावचा केजन (तिथल्या जुन्या फ्रेंच वंशाचा) माणूस. एलएसयूला खेळायला गेला, मन रमलं नाही, परत आला आणि टेलिफोन कंपनीसाठी चर खणायचं काम केलं. मग नॉर्थवेस्टर्न स्टेटला खेळला आणि तिथेच १९८४ ला ग्रॅज्युएट असिस्टंट (मास्टर्स करता करता मदतनीस कोच) म्हणून सुरुवात. पुढच्या वर्षी मॅकनीज स्टेट, मग आर्कन्सॉला स्ट्रेंग्थ कोचचं काम, १९८८ ला मायामीला गेला आणि तिथे डी-लाइन कोच झाला. मायामीने १९८९ आणि १९९१ ची चॅम्पियनशिप जिंकली, त्याच्या हाताखालचा रसेल मेरीलँड १९९१ च्या ड्राफ्टमधे पहिल्या नंबरवर गेला. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेला द रॉक, ड्वेन जॉन्सन, तोही मायामीला ह्याच लाइनमधे खेळायचा, ओर्जरॉनच्या हाताखाली.

आणि ऐन भरात असताना १९९२ ला त्याला मायामी सोडावं लागलं. दारू. तो स्वतः हे उघडपणे सांगतो. १९९४ ला घराजवळच्या निकल्स स्टेटला बिनपगारी काम करत होता! चॅम्पियन टीमचा कोच दोन वर्षात व्हॉलंटियर. तिथून परत वर चढला: सिरॅक्यूज, मग १९९८ पासून यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी), तिथे रिक्रूटिंगमधे, म्हणजे हायस्कूलचे खेळाडू मिळवण्यात, त्याचं मोठं नाव झालं. त्याच्या जोरावर २००५ ला ओल मिसचा (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) हेड कोच. तीन सीझन, १० विजय २५ पराभव, हकालपट्टी. लोक म्हणाले बघा, लाइन कोचला टीम चालवता येत नाही. २०१३ ला यूएससीत मधेच हेड कोचला काढलं तेव्हा ह्याने हंगामी म्हणून ८ पैकी ६ मॅच जिंकून दिल्या, तरी कायम केलं नाही.

२०१५ ला तो एलएसयूला परत डी-लाइन कोच म्हणून आला, म्हणजे तिसऱ्यांदा खालून सुरुवात. २०१६ ला लेस माइल्सना काढलं, हा हंगामी झाला, मग कायम. आणि २०१९ ला १५-०. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरोचा तो सीझन, फायनल न्यू ऑर्लिन्सला, क्लेमसनला ४२-२५. त्या रात्री इथे कोणी झोपलं नाही. पण त्यानंतर दोनच सीझन, ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झालं की हा जातोय. भरपाई मात्र जवळपास १.७ कोटी डॉलर मिळाली.

मला ह्यात सगळ्यात आवडणारा माणूस वेगळाच आहे, पीट जेन्किन्स. एलएसयूचे जुने डी-लाइन कोच, ऐंशीच्या दशकातले. ओर्जरॉन २०१६ ला हंगामी हेड कोच झाला तेव्हा त्याची स्वतःची जुनी जागा, डी-लाइनची, रिकामी राहिली. भर सीझनला माणूस कुठून आणायचा? त्याने निवृत्त झालेल्या जेन्किन्सना बोलावलं, वय सत्तरच्या वर, आणि ते आले. हातात शिट्टी घेऊन वीस वर्षांच्या पोरांसमोर परत उभे. ज्या कामात सत्तरीतला माणूस हाक मारली की धावत येतो त्या कामात काहीतरी असणारच ना.

तालीमवाला_सांगली

मी अमेरिकेत नाही, फुटबॉल फक्त रात्री यूट्यूबवर बघतो, पण माझे आजोबा तालमीत वस्ताद होते म्हणून लिहायचं धाडस करतो. वस्तादाला कोणी विचारत नाही की तुम्ही तालीम संघाचे अध्यक्ष कधी होणार. त्याचा पठ्ठ्या मैदान मारतो तेव्हा कुस्तीशौकीन विचारतात पोरगं कुणाच्या हाताखालचं, आणि तिथे नाव निघतं. बकआय भाऊंनी जी यादी दिली ती वाचताना मला हेच आठवत होतं.

एक मॅच सांगतो, मेहुण्यांना दाखवा. १० जानेवारी २०२५, प्लेऑफची सेमीफायनल, ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सस. २१-१४, शेवटची काही मिनिटं, टेक्ससचा बॉल गोलपासून एका यार्डावर. बरोबरी होणारच असं सगळे धरून होते. एका प्लेमधे डिफेन्सने त्यांना सात यार्ड मागे नेलं. चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, ओहायो स्टेटचा डिफेन्सिव्ह एंड जॅक सॉयर बाहेरून आला, क्वार्टरबॅक क्विन यूअर्सच्या हातातून बॉल काढला, तो स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळाला. २८-१४. हा सॉयर कोलंबसजवळचाच मुलगा, आणि यूअर्स पूर्वी ओहायो स्टेटला असताना दोघे रूममेट होते. त्या लाइनचे सुरुवातीचे चौघेही २०२५ च्या ड्राफ्टमधे निवडले गेले. मी ते शेवटचे पळणं किती वेळा बघितलं असेल सांगता येत नाही, पण आता मी पळणं बघत नाही, त्याआधीची पहिली तीन पावलं बघतो. तिथे कोच दिसतो.

शार्लट_सीए

सगळे चांगलं चांगलं लिहितायत म्हणून मी दुसरी बाजू लिहिते, कारण ताई हे बहिणीला वाचायला देणार आहेत.

आमच्या शेजारी एका युनिव्हर्सिटीचा असिस्टंट कोच राहायचा, बायको आणि तीन मुलं. नोव्हेंबरात एका रविवारी हेड कोचला काढलं, ही बातमी त्यांना फोनवरच्या नोटिफिकेशनने कळली. फेब्रुवारीत घर विकायला. मोठ्या मुलीची ती चौथी शाळा होती. ह्या लोकांचे करार एक-दोन वर्षांचे असतात, मूल्यमापन तुमच्या कामाचं होत नाही, टीम किती जिंकली ह्याचं होतं, आणि ते तुमच्या एकट्याच्या हातात नसतं. सीझनमधे तो पहाटे जायचा आणि मुलं झोपल्यावर यायचा. खेळाडूंना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, कोचला कुठलीच नाही. सीझन संपला की रिक्रूटिंग, म्हणजे हायस्कूलच्या मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं, गाडीतून आणि विमानातून अर्धा महिना. आता ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना कॉलेज बदलायची सोय) आल्यापासून स्वतःचीच पोरं पण दर वर्षी परत मनवावी लागतात, आणि जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव-प्रसिद्धीचे पैसे घेता येतात तेव्हापासून तर त्या बोलण्यात व्यवहार पण आला.

मोठ्या लीगमधे पूर्वी हेड कोच धरून दहाच जण मैदानावर शिकवू शकायचे, २०१८ ला एक असिस्टंट वाढला, आणि २०२४ ला मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादाच काढली. बाहेर जाऊन रिक्रूट करणारे मात्र अजून मोजकेच. म्हणजे पोराला शिकवायची संधी मिळणं आता थोडं सोपं झालंय, ही त्यातली चांगली बातमी.

मी नको म्हणत नाही. पण लग्न, घर, मुलं हे सगळं ह्या कामाभोवती बसवावं लागतं, कामाला घराभोवती बसवता येत नाही, हे त्याने आज डोळे उघडे ठेवून मान्य केलं पाहिजे.

बकआय_पुणेकर

शार्लट ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि हे वाचूनही जो पोरगा थांबणार नाही त्यानेच जावं असं मला वाटतं. फक्त रिक्रूटिंगबद्दल एक भर घालतो. जॉन्सन मेरीलँडच्या हायस्कूलमधे कोच होते ना, तिथले कोच आणि घरं त्यांच्या ओळखीची झाली, आणि तीच ओळख पुढे कितीतरी वर्षं कामी आली. पेन स्टेटला नवोरो बोमन त्याच भागातून आला, ओहायो स्टेटला चेस यंगही मेरीलँडचाच. म्हणजे हायस्कूलमधली ती वर्षं वाया गेली नाहीत. त्यांची शिकवायची पद्धतही शांत, ओर्जरॉनसारखी गर्जना नाही, दोन्ही प्रकारचे कोच यशस्वी होतात. आणि घरचं विचाराल तर त्यांचे दोन मुलगे पेन स्टेटलाच खेळले, थोरला लॅरी ज्युनियर २००२ ला २,०८७ यार्ड पळाला आणि एनएफएलला गेला. वडील तेव्हा त्याच स्टाफवर. सगळ्यांना असं जमेलच असं नाही, पण घर उद्ध्वस्तच होतं असंही नाही.

नाशिककर_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल बहिणीला आणि मेहुण्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. मेहुण्यांनी शार्लट ताईंचं पोस्ट दोनदा वाचायला लावलं आणि भाच्याला विचारलं की हे सगळं माहीत आहे का. तो म्हणाला हो बाबा, आमच्या कॉलेजचा डी-लाइन कोच लॉन्ड्री पण करतो आणि वेट रूमचं कुलूप पण तोच उघडतो, मला माहीत आहे. मग सांगली भाऊंनी लिहिलेली मॅच लावली. ते सॉयरचं पळणं बघून मेहुणे उठूनच उभे राहिले, मग भाच्याने मागे नेऊन ती पहिली तीन पावलं सावकाश दाखवली आणि समोरचा मोठा माणूस कसा चुकीच्या पायावर पकडला गेला ते समजावलं. मला पण कळलं!! मला, जिला फुटबॉल गोल असतो की लांबट इथपासून सुरुवात.

आता मेहुणे एवढंच म्हणतायत की मास्टर्स झालं पाहिजे, बाकी त्याचं त्याने ठरवावं. तर सुरुवात कशी करायची तेवढं कोणी सांगा.

लुईझियानावाला

मास्टर्सची अट मेहुण्यांनी घातली ते फार छान झालं, कारण दरवाजा तिथेच आहे. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून जायचं, बऱ्याच ठिकाणी फी माफ होते आणि वर थोडा स्टायपेंड मिळतो, तेवढ्यात शेअरिंगमधे राहायचं. काम म्हणजे समोरच्या टीमचे व्हिडिओ कापून प्रत्येक प्लेची नोंद करायची, स्काउट टीमसाठी (सरावात समोरच्या टीमची नक्कल करणारे आपलेच खेळाडू) त्यांच्या प्लेची कार्ड काढायची, आणि कोच सांगेल ते. साधारण दोन वर्षं. तिथून डिव्हिजन टू किंवा थ्रीला पूर्ण वेळ, तिथला पगार शिक्षकाएवढा किंवा कमीच धरा.

त्याला सांगा आत्ताच्या कोचकडून ओळखीचं पत्र घेऊन जानेवारीतल्या एएफसीएच्या (अमेरिकेतल्या फुटबॉल कोचची संघटना) अधिवेशनाला जायचंच. देशभरचे कोच एका ठिकाणी असतात, लेक्चर असतात, पण नोकऱ्यांची बोलणी बरीचशी हॉटेलच्या लॉबीत होतात. आणि जूनमधे मोठ्या युनिव्हर्सिटी हायस्कूलच्या मुलांचे कॅम्प घेतात, तिथे छोट्या कॉलेजच्या कोचना मदतीला घेतात. चार पैसे कमी मिळाले तरी चालेल पण डी-लाइनच्या ड्रिलला उभं राहायला मागायचं, नोंदणीच्या टेबलावर नाही. मोठ्या कोचला त्याचं शिकवणं दहा मिनिटं जरी दिसलं तरी पुढच्या वर्षी फोन लावायला नाव होतं.

डेटन_आई

ताई, आमच्या हायस्कूलच्या कोचना विचारलं, ते म्हणाले सीझन संपल्यावर लाइनच्या पोरांना हाताचं टेक्निक शिकवायला कोणी मिळालं तर त्यांना हवंच आहे, शनिवारी सकाळी. पैसे नाहीत, नाश्ता आहे. भाच्याचं कॉलेज डेटनपासून दोन तासांच्या आत असेल तर मला मेसेज करा, मी दोघांची गाठ घालून देते.